पोटाखालची जमीन

उघड्या ॲल्युमिनियमच्या विमानाला स्वतःचा असा रंग नसतो. त्याच्या पाठीवर आभाळ उतरलेले असते, पोटावर जमीन असते आणि दोहोंच्या मधोमध, नाकापासून शेपटीपर्यंत, क्षितिजाची एक गडद रेघ धावत जाते. विमान कलंडले की ती रेघ सरकते. एका कुशीवर आभाळ येते, दुसरीवर शेते. अंगावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के प्रकाश ॲल्युमिनियम परत पाठवते. त्यामुळे विमान म्हणून आपण जे पाहतो त्यातला फार मोठा भाग आजूबाजूचा मुलूख असतो. संगणकावर विमान घडवणाऱ्याने ही गोष्ट एकदा मनाशी धरली की त्याच्या कामाची वाटणीच बदलते. निम्मा वेळ विमानाला द्यावा लागतो आणि निम्मा, ते ज्या मुलखावरून जाते त्याला.

माझे विमान आहे मिग-२१, त्यातही जुने एफएल जातीचे, आणि मुलूख आहे नगर जिल्हा. कागदोपत्री तो आता अहिल्यानगर झाला आहे. मिगच का, याला कारण आहे. उत्तर नगरच्या माणसाला ओझर परके नाही. सिन्नर ओलांडले की नाशिक आले, आणि नाशिकच्या पलीकडे ओझर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला विभाग १९६४ साली सुरू झाला तोच मुळी मिग बांधण्यासाठी. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. १९६३ साली चंडीगडला पहिले मिग-२१ हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच या जातीने निरोप घेतला. मधल्या बासष्ट वर्षांत त्यांतली शेकडो विमाने आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या हातांखालून गेली. त्यांतले दोन हात माझ्या मामांचे होते.

मामा ओझरला फिटर होते. निवृत्त झाल्यावर संगमनेरला आमच्याकडे येऊन राहत, तेव्हा पडद्यावर आकार घेणाऱ्या मिगसमोर खुर्ची ओढून बसत. एफएल सुरुवातीला रंगवलेले नसे, उघड्या पत्र्याचे असे. छलावरणाचे पट्टे पुढे चढले. नाकाचा शंकू आणि शेपटीचे टोक मात्र हिरवट, कारण आत रडार आणि अँटेना असतात आणि तिथे धातू चालत नाही. शंकूभोवतीच्या गोल तोंडातून हवा आत जाते. पंख त्रिकोणी, ५७ अंश मागे ओढलेले, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ७.१५ मीटर. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे हे विमान आमच्या ओसरीत आडवे मावले असते. मामांना हे आकडे तोंडपाठ नव्हते. त्यांना पत्रा ठाऊक होता.

“डोळ्याला काय, उजेडात सगळंच सरळ दिसतं,” ते म्हणायचे. “हात फिरव. बोटाला पायरी लागली म्हणजे पत्रा बसला नाही.”

पडद्यावर हात फिरवता येत नाही. तिथे विमान म्हणजे हवेत टांगलेले बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या रेघा आणि रेघांमधल्या चौकोनी फटी भरणारे पापुद्रे. हे जाळे विरळ ठेवायचे आणि त्यातून गुळगुळीत पृष्ठभाग काढण्याचे काम संगणकाकडे द्यायचे, ही रीत एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ साली घालून दिली. कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांत होते. रीत फार सुंदर आहे, पण पंख जिथे धडाला मिळतो तिथे जाळ्याच्या रेघा एकमेकींत अडकतात आणि पृष्ठभागाला बारीकशी चिमट पडते. सपाट उजेडात ती दिसत नाही. ती पाहायची तर विमानाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोलीत उभे करायचे आणि ते पट्टे त्याच्या अंगावर कसे वळतात हे बघायचे. जिथे पट्टा तुटतो किंवा अचानक मोडतो तिथे आकार चुकलेला असतो. मोटारी आणि विमाने रचणारे अभियंतेही हेच करतात. मामांच्या बोटांना जी पायरी लागायची ती इथे प्रतिबिंबाला लागते. मला या गोष्टीचे अजून नवल वाटते: वस्तूचा आकार बरोबर आहे की नाही, हे तिच्यात पडलेली दुसरी वस्तू सांगते.

आणि आकार अगदी निर्दोष झाला की पुन्हा थोडे मागे यावे लागते. विमानाचा पत्रा रिबांवर रिव्हेटनी बसवलेला असतो. रिब आणि रिबच्या मध्ये तो वाळत घातलेल्या पापडासारखा किंचित फुगतो, किंचित बसतो. मिलिमीटरच्या अंशाचा फरक, पण क्षितिजाची रेघ त्यावरून जाताना थरथरते. शिवाय प्रत्येक पत्रा गिरणीत एका दिशेने लाटलेला असतो आणि विमानावर बसवताना ती दिशा पत्र्यागणिक बदलते, म्हणून शेजारशेजारचे दोन पत्रे एकाच उन्हात दोन छटांचे दिसतात. शेपटीकडे, जिथे जेटचा जाळ लागतो, तिथल्या पोलादावर गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळा असे थर चढतात. तापमानाप्रमाणे ऑक्साइडचा पापुद्रा जाड होत गेल्याची ती खूण. हे सगळे करताना मामा शेजारी असले की माझे काम अर्धे होई. कुठला पत्रा वारंवार उघडला जातो, कुठे मेकॅनिकचा पाय पडतो, कुठून तेल ओघळते, हे त्यांच्या बोटांवर होते. मी तिथे तिथे चमक कमी करत जायचो. इथे डाग टाकायचे ते जागा पाहून, कारण पाहून. दिसायला बरे म्हणून टाकलेला डाग जाणत्याला लगेच कळतो.

एक दिवस पूर्ण झालेले चित्र त्यांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “विमान आपलंच आहे. पण हे उडतंय कुठं? खाली काय आहे याच्या?”

खाली काहीच नव्हते. वर एक तयार आभाळ होते. या कामात प्रकाश देण्यासाठी साऱ्या बाजूंचे, गोलाकार, खऱ्या आभाळाचे छायाचित्र वापरतात. ही पद्धत पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली मांडली. अशी आभाळे फुकट मिळतात आणि चांगली असतात, पण त्यांतली बरीचशी युरोपातल्या माळांवर टिपलेली आहेत. लंडनच्या अक्षांशावर जूनच्या दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांच्या वर चढत नाही. नगर साधारण १९ अंशांवर आहे. इथे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या आळीत रोवलेल्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. विमानाला या फरकाने काय होते? तिरप्या उन्हात त्याची एक कूस उजळते, दुसरी निळसर सावलीत जाते आणि गोलाई आपोआप दिसते. डोक्यावरच्या उन्हात पंख वरून पांढरे फटक पेटतात आणि पोट पूर्ण सावलीत जाते. त्या पोटाला उजेड देणारे एकच काही उरते: जमीन. मामांनी ऐंशीच्या दशकातली दुपार धावपट्टीवर उभे राहून पाहिली होती. त्यांच्या आठवणीतल्या विमानाचे पोट तांबूस उजळलेले होते आणि माझ्या चित्रातले हिरव्या कुरणाने थंड पडले होते.

विमान आणि मुलूख यांची ही ओढ या कलेच्या जन्मापासूनची आहे. संगणकचित्रांच्या पहिल्या पिढीतले विल्यम फेटर बोइंग या विमानकंपनीत होते. १९६४ च्या सुमारास त्यांनी संगणकाने रेघांचा माणूस काढला, तो कॉकपिटमधल्या वैमानिकाचा हात कुठवर पोचतो हे पाहण्यासाठी. त्याच बोइंगमध्ये पुढे लॉरेन कार्पेंटर नावाचा तरुण विमानांची चित्रे काढत होता. विमाने जमत होती, पण त्यांच्यामागे डोंगर हवे होते, आणि एकेक बिंदू मांडून डोंगर उभे करणे अशक्य होते. गणितज्ञ मँडेलब्रॉट यांचे फ्रॅक्टलवरचे, म्हणजे ज्यांचा लहान तुकडाही पूर्ण आकारासारखाच दिसतो अशा आकारांवरचे, लिखाण वाचून त्याला वाट सापडली: त्रिकोणाची बाजू मधोमध मोडायची, तो बिंदू यदृच्छेने वर-खाली सरकवायचा, मग नव्या बाजूही तशाच मोडत जायच्या. १९८० साली त्याने डोंगरांवरून उडत जाणारी दोन मिनिटांची फिल्म दाखवली आणि लुकासफिल्मने त्याला बोलावून घेतले. पिक्सारच्या मुळांमध्ये ही फिल्म आहे. मला यातले सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे, की विमानाच्या पाठीमागची रिकामी जागा त्या माणसाला सहन झाली नाही.

पण कार्पेंटरचे डोंगर आमचे नव्हेत. ते टोकदार, करवती, बर्फाच्या मुलखातले. सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला आहे. बसाल्टचा टणक थर कडा होऊन उभा राहतो, मधला मऊ थर झिजून उतार होतो, पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथा बहुधा सपाट. अकोले तालुक्यात कुठेही उभे राहा, क्षितिज पायऱ्यांचे दिसते. १,६४६ मीटरची कळसूबाईसुद्धा अशा टप्प्यांनीच चढत जाते. यदृच्छेने मोडलेल्या त्रिकोणांतून या पायऱ्या निघत नाहीत, कारण त्यांच्यामागे यदृच्छा नाही, एकामागून एक झालेल्या उद्रेकांचा इतिहास आहे. म्हणून मी डोंगर काढले नाहीत, मोजमापातून आणले. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने पृथ्वीचा बहुतेक भूभाग मोजला. त्या उंचीचे आकडे सुमारे ३० मीटरच्या जाळीत आज कोणालाही मिळतात. ते ब्लेंडरमध्ये घातले आणि रतनगड, भंडारदऱ्याचा जलाशय, प्रवरेची घळ अशी एकेक ओळखीची ठिकाणे वर आली, तेव्हा मी कितीतरी वेळ विमान विसरून नुसता कॅमेरा फिरवत राहिलो. ब्लेंडर हे साधन मोफत आहे, हे इथे सांगायला हवे. २००२ साली लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि त्याची संहिता साऱ्यांसाठी खुली करून घेतली. तसे झाले नसते तर संगमनेरच्या एका खोलीत हे काम मांडलेच गेले नसते.

आभाळ मात्र स्वतः जाऊन टिपण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यासाठी मी नगरजवळचा शहा डोंगर निवडला. लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती अष्टकोनी, तीन मजली इमारत तिथे आहे. खरे तर ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. चहूकडे उघडे क्षितिज, पश्चिमेला खाली नगर शहर, बाकी सगळीकडे माळ आणि शेते. तिपाईवर चकचकीत पोलादी गोळा ठेवायचा आणि त्यात पडलेल्या आभाळाचे फोटो घ्यायचे. तेच दृश्य पुन्हा पुन्हा, दर वेळी उजेड कमी करत. कारण सूर्याची तबकडी निळ्या आभाळापेक्षा लाखाहून जास्त पटींनी तेजस्वी असते आणि साध्या फोटोत उजेडाच्या अवघ्या २५६ पायऱ्या मावतात. ढग नीट दिसेल असा फोटो घेतला तर सूर्य नुसता पांढरा ठिपका होतो, त्याचे बळ नोंदले जात नाही. आणि ते बळ नसले की विमानाची सावली दुबळी पडते. वेगवेगळ्या उजेडाचे हे फोटो एकत्र केले की एकच चित्र होते, आणि त्या चित्रात सूर्याला सूर्याचे वजन असते. ते विमानाभोवती गुंडाळले की शहा डोंगरावरचा उजेड जसाच्या तसा विमानावर पडतो.

एप्रिलमधले आभाळ टिपले आणि सप्टेंबर उतरताना पुन्हा टिपले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर दोन देशांची वाटतात. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीहून जास्त विखरतात, म्हणून पाऊस धुऊन गेल्यावर आभाळ गर्द निळे होते. धुळीचे कण मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखरतात. म्हणून उन्हाळ्यात निळाई विरून आभाळ दुधाळ होते आणि सूर्याभोवती पांढऱ्या तेजाचे मोठे वलय पसरते. ब्लेंडरमधले गणिती आकाश हवा, धूळ आणि ओझोन असे तीन आकडे वेगवेगळे मागते. आमच्या भागात धुळीचा आकडा हाच ऋतूचा आकडा आहे. तो वाढवत नेला की विमानाची कडक झळाळी मावळते, पत्रा मऊ होतो, पाठीवरची निळाई राखाडीकडे झुकते. पाथर्डी-जामखेडकडच्या उन्हाळ्यात ज्याने दिवस काढले आहेत त्याला तो पत्रा पाहून घशाला कोरड पडेल, इतका खरा.

मग मी विमानाला पश्चिमेकडून पूर्वेकडे उडवले. कळसूबाईपासून शेवगावपर्यंत हवाई अंतर साधारण एकशे साठ किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगाने जेमतेम अकरा मिनिटे. नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि त्याचा सारा विषम संसार या अकरा मिनिटांत विमानाच्या पोटावरून सरकतो. आधी अकोल्याची भातखाचरे आणि ओले कातळ: पोट काळपट हिरवे, मध्येच खाचरातल्या पाण्याची तिरीप. मग संगमनेर मागे पडले की प्रवरेच्या कालव्यांचा पट्टा, लोणी-राहाता-श्रीरामपूरचा ऊस. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला तो हा मुलूख. इथे पोटाला दाट, एकसारखी हिरवळ चढते आणि ती कितीतरी वेळ हलत नाही. उसाचा पट्टा संपतो तिथे रंग कसा तुटतो ते पाहावे! नेवाशाच्या पुढे काळी नांगरट लागते. सुकी काळी माती अंगावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा परत देते, भिजली तर त्याहूनही कमी. पोट एकदम अंधारते आणि त्या अंधारात रिव्हेटच्या ओळी नाहीशा होतात. पुढे कापणी झालेल्या बाजरीची वाळलेली धाटे आली की पुन्हा पिवळट उजेड. शेवगावकडे जायकवाडीचे फुगवट्याचे पाणी दिसू लागते. क्षणभर सूर्य खालूनही येतो आणि पंखांच्या खालच्या अंगावर पाण्याचा प्रकाश नाचतो.

कालव्याचे पाणी कुठवर पोचले आणि कुठे पोचले नाही, याचा नकाशा मी विमानाच्या पोटावर काढायला बसलो नव्हतो. पण उजेड मोजून मांडला की तो नकाशा तिथे उमटतोच. आमच्या जिल्ह्यात जिरायती गावातला माणूस बागायती गावाकडे पाहताना जे मनात ठेवतो, ते त्या पत्र्यावर कोणी न सांगता दिसत राहते. मला हे माझ्या कामातले सर्वांत खरे दृश्य वाटते आणि त्यात मी रंगाचा एकही हात मारलेला नाही.

या खटाटोपाचे गणित जेम्स काजिया यांनी १९८६ साली एका समीकरणात मांडले. कोणत्याही बिंदूपासून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश आणि सर्व दिशांनी त्याच्यावर आलेल्या प्रकाशातला त्याने परतवलेला वाटा. आता, आलेला प्रकाश हा दुसऱ्या कुठल्या तरी बिंदूने परतवलेला असतो, त्या बिंदूवर तिसऱ्याचा पडलेला असतो. पोटाला शेत उजळते, शेताला आभाळ, आणि अगदी किंचित का होईना, शेताला ते पोटही. हे समीकरण कागदावर सुटत नाही. म्हणून संगणक कॅमेऱ्यातून उलट्या वाटेने किरण सोडतो. तो पत्र्यावर आदळतो, तिथून यदृच्छेने जमिनीकडे जातो, तिथून वर सूर्याकडे किंवा आभाळाकडे. अशा हजारो किरणांची सरासरी म्हणजे चित्राचा एक ठिपका. किरण थोडे असले तर चित्रावर रवाळ कचरा दिसतो, आणि तो निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात. विमानाच्या सावलीतल्या पोटावर हा कचरा सर्वांत हट्टी, कारण तिथे पोचणारा प्रत्येक किरण दोन-तीन ठिकाणी आपटून आलेला असतो.

दहा सेकंदांच्या दृश्याला २४० चित्रे लागतात. एकाला वीस मिनिटे धरली तर ऐंशी तास. आमच्याकडे इतका वेळ सलग वीज असेल हे गृहीत धरता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्र स्वतंत्र जपून ठेवायचे. वीज गेली तर जाते ते एकच. आता रवाळपणा पुसून काढणारी साधने निघाली आहेत. त्यांनी वेळ वाचतो हे खरे, पण ती रिव्हेटच्या ओळी आणि पत्र्याची थरथर यांनाही कचरा समजून पुसतात. मी ती फार जपून वापरतो. पापुद्र्याएवढा फरक मामांनी बोटाने जपला. तो मी वेळ वाचावा म्हणून का घालवायचा?

खऱ्याची संगत सोडली की हे काम पोकळ होते, असे माझे मत आहे, आणि मोठ्या लोकांचेही तेच असावे. २०२२ च्या ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये दोन हजारांहून अधिक संगणकी दृश्ये आहेत. तिथे पुष्कळ ठिकाणी आधी खरे जेट उडवून त्याच्यावर पडलेले ऊन टिपले आणि मग त्या जागी संगणकातले दुसरे विमान चढवले. सूर्य, धुके, वळणावरचा हेलकावा, सगळे खऱ्याकडून उसने घेतले.

माझ्याकडे उडवायला मिग नाही. काकडीचा विमानतळ आहे. शिर्डीसाठी बांधलेला हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. आधी पंख्यांची एटीआर विमाने येत, मग जेट येऊ लागली. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर, शेताच्या बांधाला टेकून, उतरणारे जेट पाहत मी जे शिकलो ते कुठल्याच पडद्यावर शिकलो नसतो. प्रवासी विमान रंगवलेले असले तरी इंजिनाच्या तोंडाची कडा उघड्या धातूची असते. त्या कडेत खालची रब्बी उलटी होऊन फिरते. लांबवर असताना विमानाचा एकही भाग काळा नसतो. मधल्या हवेचा स्वतःचा उजेड त्याच्या सावल्यांवर साचतो आणि चाकांच्या खोबणीसुद्धा निळसर राखाडी दिसतात. जवळ येईल तसा काळा रंग गडद होत जातो. दूरच्या विमानात गडद काळा टाकला की ते खेळण्याएवढे लहान भासते, हे मी तिथे पाहून उमजलो.

सावलीचेही तसेच. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे एक मीटर रुंद वस्तूची गडद सावली साधारण १०७ मीटरपर्यंतच टिकते, पुढे तिच्या कडा एकमेकींत विरतात. मिगचे धड सव्वा मीटरच्या आसपास; म्हणजे सुमारे १३५ मीटरच्या वर गेले की धडाची खरी सावली जमिनीवर पोचतच नाही, नुसती एक फिकट झाक धावते. चित्रपटांत उंच विमानाची कातरून काढल्यासारखी सावली शेतांवरून धावताना दिसते, तिचा मला मनापासून राग येतो. एवढा खर्च करून माणसे वर पाहतात आणि खाली बघत नाहीत.

मामांना शेवगावकडचे दृश्य दाखवले तेव्हा ते पडद्याजवळ वाकले आणि पंखाच्या बुडाशी बोट ठेवून म्हणाले, “इथला पत्रा जरा मळका कर. खालून पाणी चमकतंय तर तेलाचा ओघळ दिसलाच पाहिजे.” ते बरोबरच होते, तिरप्या उजेडात तेलकट पृष्ठभाग वेगळा चमकतो. तो ओघळ आता तिथे आहे.

सध्या काम अडले आहे ते हरिश्चंद्रगडावर. कोकणकड्यासमोरून मिग न्यायचे माझ्या मनात आहे, आणि तिथे दोन गोष्टी हाताशी असलेल्या साधनांत बसत नाहीत. एक म्हणजे खुद्द कडा. तो आतल्या बाजूला खोल वळलेला, वर पुढे झुकलेला. उंचीच्या आकड्यांच्या जाळीत एका जागेला एकच उंची असते, त्यामुळे पुढे झुकलेला खडक तिथे संभवतच नाही. ३० मीटरच्या जाळीने कोकणकड्याचा एक तिरका उतार करून टाकला आहे. तो मी हाताने कोरतो आहे, थर धरून, जिथे खालचा मऊ थर झिजलेला तिथे कपारी काढत. दुसरी गोष्ट इंद्रवज्र. सकाळचे ऊन पाठीशी आणि दरीत ढग असला की तिथे आपल्याच सावलीभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ पडते. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात ते पाहून नोंदवून ठेवले आहे. ढगांवरून जाणाऱ्या विमानाच्या सावलीभोवतीही नेमके हेच वर्तुळ असते, खिडकीशी बसणाऱ्याला कधी कधी दिसते. पण ते प्रकाशाच्या लाटेचे काम आहे, ढगाच्या सूक्ष्म थेंबात लाटा वळून परत येतात त्याचे. सरळ रेषेत धावणारे संगणकाचे किरण कितीही सोडले तरी ते उमटणार नाही. त्याचे रंग आणि कोन मोजून वेगळे बसवावे लागतील, आणि त्याआधी ते प्रत्यक्ष पाहायला हवे. पाचनईच्या वाटेने वर जायचे, मुक्काम करायचा आणि सकाळी ढग दरीत असेपर्यंत कड्यावर थांबायचे, असे या पावसाळ्यासाठी ठरले आहे. मामांना चढण झेपणार नाही. त्यांनी मला वर्तुळाचा लाल रंग आतून असतो की बाहेरून, एवढे नीट बघून यायला सांगितले आहे.